वसतिगृहातील सहवास



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून आपण नेहमी मोठमोठे विषय ऐकता. कोणी ज्ञानेश्वरीवर बोलतो, कोणी राज्यघटनेवर, कोणी शेतीच्या अर्थकारणावर. या पंक्तीत 'वसतिगृहातील एक खोली आणि तीत राहणारे दोघेतिघे' हा विषय पाटावर बसायला थोडा बिचकतो, हे मला ठाऊक आहे. तरीही मी तो मुद्दाम घेतला आहे, कारण हे दिवसच त्या विषयाचे आहेत. परीक्षा आटोपल्या आहेत, निकाल आणि प्रवेश यांची चर्चा घरोघर चालू आहे. या मंडपात बसलेल्यांपैकी पुष्कळांच्या घरी पावसाळा सुरू झाला की एक बॅग भरली जाणार आहे. तीत चादर, ताटवाटी, मेतकुटाचा डबा आणि लोणच्याची बरणी जाईल. गाडी हलता हलता आई किंवा आजी दोन शब्द सांगेल : "जमवून घे." या दोन शब्दांचा अर्थ काय, एवढाच माझा आजचा विषय आहे.

मी स्वतः बरीच वर्षे महाविद्यालयाच्या वसतिगृहाचा रेक्टर म्हणून काम केले. त्यामुळे पुस्तकातल्यापेक्षा जिन्यावरच्या आणि व्हरांड्यातल्या गोष्टी मला अधिक माहीत आहेत. प्रथम एक साधी गोष्ट लक्षात घ्या. घरात आपण जन्माने येतो. मित्र आपण निवडीने करतो. लग्न पूर्वी वडील माणसे ठरवीत, आता मुले ठरवितात, पण कोणीतरी ते विचार करून ठरविते. वसतिगृहातला सोबती मात्र कोणीच ठरविलेला नसतो. कार्यालयातला लिपिक एका बाजूला नावे लिहितो, दुसऱ्या बाजूला खोल्यांचे क्रमांक लिहितो, आणि फलकावर कागद चिकटवून जेवायला जातो. त्या कागदाच्या आधाराने लातूरचा, रत्नागिरीचा आणि गोंदियाचा असे तीन मुलगे एका खोलीत येतात. एकाला भाकरीवाचून जेवल्यासारखे वाटत नाही, दुसऱ्याला भातावाचून. तिसऱ्याच्या बोलण्यात हिंदी इतकी मिसळलेली असते की पहिल्या दिवशी बाकीच्या दोघांना तो परप्रांतातला वाटतो. ना रक्ताचे नाते, ना निवडीचे. आणि तरी रात्री दिवा मालवला की तिघांच्या श्वासांचा आवाज तिघांना ऐकू येतो. आयुष्यात असा प्रसंग बहुतेकांना पहिल्यांदा येथेच येतो.

आपल्या समाजाला ही व्यवस्था तशी नवी आहे. शिक्षणासाठी गाव सोडण्याची चाल जुनी, पण सोडलेल्या गावाच्या बदल्यात मिळे ते दुसऱ्याचे घर. माधुकरी मागणे आणि वार लावून जेवणे हे शब्द आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी तरी ऐकलेले आहेत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे आठवड्याचे सात वार सात घरी लावायचे, आणि कोणाच्या तरी ओसरीवर किंवा माळ्यावर पथारी टाकायची. अशा रीतीने शिकून मोठी झालेली माणसे महाराष्ट्रात थोडीथोडकी नाहीत, आणि त्या सात घरांचे उपकार कोणी नाकारू नयेत. पण त्या व्यवस्थेत विद्यार्थी हा आश्रित होता. ज्याच्या घरी जेवायचे त्याला आमटी आळणी झाली आहे असे सांगता येत नाही. ज्याच्या ओसरीवर निजायचे त्याला रात्री उशिरापर्यंत दिवा हवा म्हणता येत नाही. आश्रित माणूस कृतज्ञता शिकतो, काटकसर शिकतो, मिळेल त्यात भागवायला शिकतो. बरोबरीने बोलायला मात्र तो तेथे शिकत नाही. शिवाय वार लावण्याची ही सोय मुख्यतः वरच्या जातींतल्या मुलांनाच होती. कुणब्याच्या मुलाला शहरात कोण वार देणार? आणि महाराच्या, मांगाच्या मुलाला तर ओसरीसुद्धा बंद.

म्हणून वसतिगृहाचा इतिहास सांगताना कोल्हापूरचे नाव आधी घ्यावे लागते. शाहू छत्रपतींनी १८९६ साली सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह सुरू केले. कल्पना उत्तम होती, पण व्यवहारात तेथे ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच प्राबल्य झाले आणि इतरांना ते आपले वाटेना. महाराजांनी मग दुसरी वाट धरली. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, आणि पुढे जैन, मुसलमान, लिंगायत अशा निरनिराळ्या समाजांसाठी एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. जातवार वसतिगृहे काढून महाराजांनी जाती पक्क्या केल्या, असा आक्षेप कोणी कोणी घेतात. पण ज्या मुलाच्या डोक्यावर छप्पर नाही आणि पोटात अन्न नाही, त्याला सहजीवनाचे धडे कसे देणार? आधी त्याला शाळेच्या गावात राहता आले पाहिजे. महाराजांनी पायरीवर पाय ठेवला. वरच्या मजल्यावर कोणीतरी पुढे जायचे होते.

तो पुढे जाणारा मनुष्य त्याच कोल्हापुरातल्या एका वसतिगृहात शिकत होता. भाऊराव पाटील हे कुंभोजचे. जैन बोर्डिंगमध्ये राहत. त्यांचे चरित्रकार सांगतात की मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला हा मुलगा गेला, आणि परत आल्यावर स्नान करून मगच पंगतीला बसायचे हे त्याने साफ नाकारले. परिणामी बोर्डिंगचे दार त्याला बंद झाले. ज्याला एका वसतिगृहाने बाहेर काढले, त्यानेच पुढे १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात असे वसतिगृह चालविले की जेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीत जेवीत. १९२७ साली महात्मा गांधींनी त्या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव दिले. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी त्या मुलांच्या पोटासाठी आपले दागिने मोडले, ही गोष्ट सातारा जिल्ह्यात आजही घरोघर सांगतात.

साताऱ्याच्या त्या प्रयोगाचे मर्म मला दिसते ते असे. भाऊरावांनी मुलांना समतेवर व्याख्याने देऊन एकत्र बसविले नाही. त्यांनी पाळ्या लावल्या. आज पाणी कोणी आणायचे, पीठ कोणी मळायचे, भांडी कोणी घासायची. काल ज्याने माझे ताट घासले त्याचे ताट आज मला घासायचे आहे, हे कळले की उच्चनीचपणाचे बरेचसे पाणी आपोआप वाहून जाते. आपल्या आजच्या वसतिगृहांत मेस ठेकेदाराकडे असते आणि व्हरांडा झाडायला माणूस असतो. फी भरली की सोयी मिळतात, पण पाळी गेली. आणि पाळी गेली तेव्हा एकत्र राहण्याचे शिक्षणही तिच्याबरोबर पातळ झाले. म्हणून मी नव्या मुलांना नेहमी सांगत असे की खोली झाडण्याची, पिण्याचे पाणी भरण्याची आणि कचरा नेण्याची तरी पाळी लावा, आणि ती कागदावर लिहून दाराच्या मागे चिकटवा.

येथे साने गुरुजींची आठवण कोणालाही होईल. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि तेथील छात्रालय सांभाळीत. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त दिसल्या तर ते न बोलता स्वतः आवरून ठेवीत, अंथरुणांच्या घड्या घालीत. मुले परत आली की शरमत आणि दुसऱ्या दिवशी आपण होऊन आवरीत. फार सुंदर गोष्ट आहे. पण ती गुरूची गोष्ट आहे, सोबत्याची नव्हे. गुरूने मुकाट्याने केलेले काम शिष्याला शिकविते. बरोबरीच्या मुलाने मुकाट्याने केलेले काम बहुधा कोणालाच काही शिकवीत नाही. आठ दिवस तो एकटाच केर काढतो, आणि नवव्या दिवशी केरसुणी आपटतो. बाकीचे दोघे चकित होतात : याला झाले तरी काय? बरोबरीच्या नात्यात मूक सेवेपेक्षा वेळेवर बोललेला एक शब्द अधिक उपयोगी असतो.

खोलीतला सोबती मिळणे आणि न मिळणे यांत केवढे अंतर असू शकते, हे सांगण्यासाठी एका थोर पुरुषाचे उदाहरण घेतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे सुरुवातीला एकदोन ठिकाणी मुक्काम बदलल्यावर ते लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात राहिले. त्यांच्या खोलीतले सोबती होते नवल भथेना नावाचे एक पारशी विद्यार्थी. दोघांचा धर्म वेगळा, घरची परिस्थिती वेगळी. त्या खोलीत जुळलेले स्नेहसंबंध जन्मभर टिकले. १९२० साली अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले तेव्हा त्यांना पैसा हवा होता. शाहू महाराजांनी मदत केली आणि नवल भथेनांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. त्या काळचे पाच हजार! फलकावरच्या यादीतून मिळालेला एक सोबती असा उभा राहिला.

आता याची दुसरी बाजू ऐका. या दोन घटनांच्या मध्ये, १९१७ साली, बाबासाहेब शिष्यवृत्तीच्या करारानुसार नोकरीसाठी बडोद्याला आले होते. परदेशी विद्यापीठांत शिकून आलेल्या या माणसाला त्या शहरात राहायला खोली मिळेना. एका पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेला पारशांचा जमाव जिन्यावर आला आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याचा हुकूम त्याने दिला. ते दोन परिचितांकडे गेले. एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही सबबी सांगितल्या. सार्वजनिक बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने त्यांनी मुंबई गाठली. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. न्यूयॉर्कला एका पारशी विद्यार्थ्याने खोली वाटून घेतली, आणि बडोद्याला पारशी जमावाने खोलीबाहेर काढले. दोषाचे माप समाजाच्या पदरात घालणे सोपे आहे. मला यातून एवढेच दाखवायचे आहे की जमावाला जे जमत नाही ते एका खोलीतल्या दोन माणसांना जमू शकते. कारण जमाव नाव आणि जात ओळखतो. सोबती माणसाचा खोकला ओळखतो, त्याची झोप ओळखतो, परीक्षेच्या आदल्या दिवशीची त्याची भीती ओळखतो.

बाबासाहेबांच्या लंडनमधील मुक्कामाबद्दल धनंजय कीर यांनी लिहिले आहे की रात्री उशिरापर्यंत ते वाचीत बसत आणि खोलीतला सोबती जागा झाला की त्यांना झोपण्याची विनंती करी. आपल्याजवळ वेळ थोडा आहे आणि पैसा त्याहून थोडा, असे उत्तर त्याला मिळे. श्रोतेहो, हा दिव्याचा प्रश्न थोरांच्या खोलीतही सुटलेला नव्हता. तो आजही सुटलेला नाही, आणि वसतिगृहातली बहुतेक भांडणे येथूनच सुरू होतात.

ही भांडणे ऐकली तर आपल्याला हसू येईल. एकाला पंखा पाचावर हवा, दुसऱ्याला दोनावर. एकाला खिडकी उघडी हवी, दुसऱ्याला डासांची भीती. एकाचा साबण तिघे वापरतात, आणि संपला की नवा आणण्याची आठवण त्या एकालाच होते. पहाटे साडेचारचा गजर ज्याने लावलेला असतो तो सोडून बाकी सर्व उठतात. हल्ली त्यात मोबाइलची भर पडली आहे. रात्री बारा वाजता एक मुलगा खाटेवर पडल्या पडल्या दूरच्या मित्राशी गप्पा मारीत असतो आणि दोन हातांवरच्या खाटेवरचा मुलगा उशी कानावर ओढून घेत असतो. कारणे क्षुल्लक. पण लोणचे जसे मुरते तसे भांडणही मुरते. एकदा माझ्याकडे एक मुलगा दिवाळीच्या सुमारास आला आणि म्हणाला, "सर, तो आमच्या गावाला आणि भाषेला कमी लेखतो. मला खोली बदलून द्या." तासभर बसवून विचारले तेव्हा मूळ निघाले ते गजराचे. जुलैत एकाने चिडून गावंढळ म्हटले होते, दुसऱ्याने ते गिळले होते. चार महिने गिळलेल्या शब्दाला गाव, भाषा, आईबाप अशी मुळे फुटत गेली होती. जुलैच्या त्या दुपारी "गजर वाजला की लगेच बंद कर, नाहीतर मला उठव, मी तुला उठवतो," एवढे बोलणे झाले असते तर पुढचे काही घडले नसते.

म्हणून पहिल्या आठवड्यातच चार गोष्टींचे बोलणे करून घ्यावे, असे माझे अनुभवाचे सांगणे आहे. झोप, उसनवार, पाहुणे आणि पैसा. दिवा किती वाजता मालवायचा, आणि त्यानंतर वाचायचे असेल तर टेबलावरचा छोटा दिवा लावायचा की अभ्यासिकेत जायचे. न विचारता कोणती वस्तू घ्यावी आणि कोणती घेऊ नये. बाहेरचे मित्र खोलीत किती वेळ बसावेत. एकत्र खर्चाचा हिशेब कोणी ठेवायचा. पहिल्या आठवड्यात ही चार वाक्ये बोलायला कोणाला राग येत नाही, कारण तोवर कोणी कोणाचा अपराध केलेला नसतो. तेच वाक्य डिसेंबरात आरोप होते.

बोलण्याचीही एक रीत आहे. ज्याच्याविषयी बोलायचे त्याच्याशी आधी बोलावे, मग तिसऱ्याशी; रेक्टरकडे त्यानंतर. दिवसा बोलावे, कारण रात्री दोघेही थकलेले असतात. एका वेळी एकच गोष्ट बोलावी. मागची थकबाकी त्यात घालू नये. आणि "तू असाच आहेस" असे न म्हणता "मला झोप लागत नाही" असे म्हणावे. पहिल्या वाक्यावर वाद होतो, दुसऱ्यावर उपाय निघतो.

पैशाचा प्रश्न मात्र याहून नाजूक आहे. एकाच खोलीत एकाला घरून भरपूर रक्कम येते, आणि दुसरा शिष्यवृत्तीचा हप्ता कधी जमा होतो म्हणून बँकेच्या संदेशाची वाट पाहत असतो. पहिला रविवारी बाहेर जेवायला चल म्हणतो. दुसरा एकदा जातो, दोनदा जातो, तिसऱ्यांदा पोट बिघडले म्हणून सांगतो. त्याचे पोट मुळीच बिघडलेले नसते. सोबत्याने हे ओळखावे. आणि दुसऱ्यानेही "या महिन्यात जमणार नाही" असे सरळ म्हणण्याचे धाडस करावे. गरिबी सांगायला लाज वाटू लागली की माणूस आधी खोटे बोलतो, मग कर्ज काढतो आणि शेवटी खोलीत यायचे टाळतो.

आता त्या "जमवून घे" या शब्दांकडे येतो. जमवून घेणे आणि सोसणे हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि आपल्याकडे त्यांची फार सरमिसळ झाली आहे. जमवून घेण्यात दोघे थोडे थोडे सरकतात. सोसण्यात एकच सरकत राहतो, भिंतीला पाठ टेकेपर्यंत. पंखा पाचावरून तिनावर आला आणि दुसऱ्याने एक चादर अधिक घेतली, हे जमवून घेणे. रोज रात्री दुसऱ्याची सिगारेट नाकात जाते आणि आपण गप्प राहतो, हे सोसणे. मुलींच्या बाबतीत तर ही सरमिसळ अधिकच. घरात भावाला दिवा हवा असेल तर बहिणीने माजघरात जाऊन वाचावे, अशी सवय जिला लहानपणापासून लागली, ती वसतिगृहातही खोलीतल्या दांडगट मुलीसमोर माजघर शोधू लागते. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० साली तो हिंगण्याच्या माळावरच्या झोपडीत नेला, तो विधवा मुलींना नुसता आसरा देण्यासाठी नव्हे. चारजणींबरोबर राहून, शिकून, त्यांनी आपल्या पायांवर उभे राहावे, म्हणून तो खटाटोप होता. त्या माळाची आठवण ठेवून मुलीला निरोप देताना "सोसून घे" असे कोणी सांगू नये.

आणि काही गोष्टी तर जमवून घेण्याच्या नाहीतच. नव्या विद्यार्थ्याला रात्री उठवून नाचविणे, उघडे करणे, शिव्या म्हणावयास लावणे, याला काही लोक अजूनही गंमत म्हणतात. ती गंमत नव्हे, गुन्हा आहे. महाराष्ट्रात १९९९ सालापासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. त्याखाली दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तक्रारीकडे कानाडोळा करणाऱ्या संस्थेच्या प्रमुखालाही त्यात जबाबदार धरले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली सर्व देशासाठी नियम केले. आडनाव विचारून, प्रवेशाच्या यादीतला क्रमांक विचारून, शिष्यवृत्तीचा उल्लेख करून सोबत्याला टोचीत राहणे, त्याच्या अंथरुणाला किंवा भांड्याला नाक मुरडणे, हेही त्याच जातीचे पाप आहे. ते हलक्या आवाजात होते म्हणून कमी ठरत नाही. या बाबतीत आपल्याकडे मुलांचे आणि मुलींचे जीव गेले आहेत. मिस क्लार्क वसतिगृह निघून शंभराहून अधिक वर्षे झाली. त्या पंगतीचा प्रश्न एखाद्या खोलीत अजून शिल्लक असावा, ही आपणा सर्वांना लाज आणणारी गोष्ट आहे. अशा वेळी सोबत्याशी बोलणी करण्याची जबाबदारी त्रास सोसणाऱ्यावर नसते. त्याने रेक्टरकडे यावे, लेखी तक्रार करावी, घरी सांगावे. आणि खोली बदलून मागणे हा पराभव नव्हे, हे घरच्यांनी त्याला आधीच सांगून ठेवावे.

मग घरच्यांनी ओळखावे कसे? पहिले दोनतीन आठवडे प्रत्येकाला घर आठवते. जेवण जात नाही, झोप मोडते, शनिवार आला की एस.टी.ची वेळ आठवते. हे आजारपण नव्हे. मुळापासून उपटून दुसरीकडे लावलेले रोप चार दिवस मान टाकतेच. पूर्वी या काळात पोस्टकार्डाची मोठी मदत होई. मुलगा सोमवारी रडत रडत पत्र लिही, ते आईच्या हाती पडेपर्यंत गुरुवार उजाडे, आणि तोवर हा पठ्ठा मैदानात चेंडू फेकीत असे. आता रडण्याचा आवाज त्याच क्षणी घरात पोहोचतो, आई तितक्याच वेगाने कासावीस होते, आणि तिची कासाविशी ऐकून मुलगा दुप्पट रडतो. म्हणून माझी विनंती आहे की दिवसातून तीन वेळा फोन करू नका. एकदा करा, ठरलेल्या वेळी करा, आणि "जेवलास का?" याच्याबरोबर "खोलीत आज कोणाशी काय बोललास?" हेही विचारा. दर शनिवारी घरी बोलावून घेऊ नका. रविवारच्या दुपारी वसतिगृहात जी मैत्री होते ती वर्गात होत नाही.

पण महिना उलटला, दोन महिने उलटले, तरी मुलगा बोलत नाही, वर्गाला जात नाही, जेवण टाकतो, रात्रभर जागतो, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत त्याचे मन लागत नाही; किंवा "आता सगळे संपले" अशी भाषा करतो, तर मात्र "मन घट्ट कर" असे सांगून फोन ठेवू नका. गाडीत बसा आणि त्याच्याकडे जा. डॉक्टरांना दाखविण्यात कमीपणा मानू नका. आणि खोलीतल्या सोबत्यांनाही माझे सांगणे आहे : ही चिन्हे आईबापांच्या आधी तुम्हाला दिसतात. अशा वेळी कोणाला सांगणे ही चहाडी नव्हे. सोबती या शब्दात सोबत आहे; ती याच वेळी करावयाची.

शेवटी घरची तयारी. पूर्वी एका माजघरात सहासात माणसे निजत. मुले भांडत, पण वाटून घ्यायलाही शिकत. आता लहान कुटुंबे झाली. पुष्कळ मुलांना स्वतःची खोली असते, आणि खोलीतला पंखा दुसऱ्याला विचारून लावावा लागतो ही गोष्टच त्यांना अठराव्या वर्षी नव्याने कळते. तेव्हा बॅग भरण्याच्या आधी हातात असलेल्या दिवसांत मुलाला आपले कपडे धुवायला लावा, ताट घासायला लावा, अंथरूण उचलायला लावा. मुलगी आहे म्हणून हे तिला येते आणि मुलगा आहे म्हणून त्याला सूट, असे करू नका; वसतिगृहात त्याच्यामागे कोणी बहीण उभी राहणार नाही. वस्तू घेताना विचारण्याची आणि न द्यावयाची असेल तर गोड शब्दांत नाही म्हणण्याची सवय घरातच लावा. नाही म्हणता येणे ही उद्धटपणाची खूण नव्हे. ज्याला नाही म्हणता येते त्याच्या होकारावर सोबत्याला विसंबता येते.

आपल्यापैकी जे पालक मुलांना पोहोचवायला जातील, त्यांना त्या खोलीत दुसऱ्या खाटेशी दुसरे आईबाप उभे असलेले दिसतील. त्यांच्या हातातही अशीच एक बरणी असेल आणि तेही तुमच्याइतकेच बावरलेले असतील. त्यांना आपण होऊन नमस्कार करा. आडनाव विचारण्याआधी गाव कोणते, पाऊस कसा आहे, प्रवासाला किती वेळ लागला, एवढे विचारा. शक्य असेल तर चौघे मिळून खाली जाऊन चहा घ्या. मुले बाजूला उभी राहून हे सर्व पाहत असतात, आणि त्या खोलीत पुढे वर्षभर काय घडायचे, याची सुरुवात तेथूनच होते.